मोहाखालची बाग

गेल्या फाल्गुनात नातजावई मला गाडीत घालून त्याची नवी जागा दाखवायला घेऊन गेला. घराची एक वीट रचलेली नव्हती, पण बागेची चित्रं त्याच्या फोनमध्ये तयार होती. "आजी, तुम्ही सांगा. जपानी करू, केरळी करू, की नुसती हिरवळ?"

मी विचारलं, "पाणी कुठून येणार?"

"ते नंतर बघू."

"मग बागही नंतर बघ."

जागेच्या कोपऱ्यात चिंचेचं जुनं झाड होतं. ते काढायचं त्यानं ठरवूनच टाकलं होतं, कारण फोनमधल्या एकाही चित्रात चिंच नव्हती. मी त्याला म्हटलं, आज मी एक बाग दाखवते, गाडी पोंभुर्ण्याच्या रस्त्याला घे. त्या बागेचीच गोष्ट मी इथे लिहिणार आहे. आधी माझं काम काय होतं ते सांगते.

जन्मभर मी दुसऱ्यांच्या बागा केल्या. माझ्या घरापुढे एक तुळस, एक शेवगा आणि भाजीचे दोन वाफे आहेत. लोक म्हणतात, एवढी मोठी माळीण आणि घरी फूल नाही. हलवाई घरी जाऊन भाकरच खातो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण त्या चौथीवरच मला पहिलं काम मिळालं, कारण बियांच्या पुडीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत होतं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. माझ्या बापाची बल्लारपूरजवळ नदीकाठी भाजीची वाडी होती. वांगी, भेंडी, वाल. पाणी, शेण आणि माती या तिन्ही गोष्टी मी तिथे शिकले. बाकीचं लोकांच्या बंगल्यांवर शिकले.

बाग म्हणजे फुलं असं लोकांना वाटतं. फुलं सगळ्यात शेवटी येतात. आधी पाणी, मग सावली, मग वाट. नवीन जागा दिसली की मी वैशाखात भर दुपारी मालकाला अनवाणी उभं करायची. जिथे तो नाचायला लागला तिथे झाड लावायचं. घरातली बाई भांड्यांचं पाणी जिथे फेकते तिथे केळ. आणि वाट आपण ठरवायची नाही. दूधवाला आणि कामवाली पंधरा दिवस कुठून येतात ते बघायचं, तिथे मुरूम टाकायचा. नाही तर तुम्ही नागमोडी वाट करता आणि दूधवाला तुमच्या झेंडूतून सरळ जातो.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. एका बाईंना गुलाब हवे होते, पण काटे नको होते. मी म्हटलं, कर्दळ लावा. एका अधिकाऱ्याला रेल्वे स्टेशनवर असतं तसं पांढऱ्या दगडांनी आपलं नाव लिहून हवं होतं. मी नदीतले गोटे वेचून आणले, चुना दिला, नाव लिहिलं. चुना वाळायच्या आत त्यांची बदली झाली. नवे आले ते म्हणाले, "मला असला शौक नाही." मी ते गोटे वांग्यांच्या वाफ्याला लावले. पुढच्या महिन्यात ते हळूच विचारतात, "बाई, ते दगड कुठे गेले?" त्यांचं नाव लांब होतं आणि गोटे कमी. शेवटी नुसतं आडनाव बसलं. त्यावर ते खूश झाले.

आता ती मोहाची बाग.

चौपन्न-पंचावन्न सालची गोष्ट असेल. माझं वय तेव्हा वीस-बावीस. बल्लारपूरहून पोंभुर्ण्याकडे जाताना जंगलाच्या कडेला एका आरागिरणीची नवी वसाहत झाली. आरागिरणी म्हणजे जिथे लाकडं चिरतात ती. वसाहत म्हणजे मजुरांच्या झोपड्या, मुकादमाचं घर आणि मॅनेजरसाहेबांचा बंगला. साहेब तरुण होते, नागपूरचे. त्यांची बायको सुधाबाई, सातारकडची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बंगल्याभोवती काटेरी तार ठोकली होती. तारेच्या आत मुरमाड जमीन आणि दारासमोर एक मोहाचं झाड. एवढंच.

बाग करायला मला बोलावलं, आणि पहिल्याच दिवशी नवराबायकोचं भांडण माझ्यासमोर झालं. साहेबांना साहेबी बाग हवी होती. हिरवळ, कडेनं कर्दळ, मध्ये लाल मुरमाची वाट, हिरवळीवर वेताच्या खुर्च्या. बाईंना कुठल्यातरी मासिकातली जपानी बाग हवी होती. त्यात तळं, तळ्यावर लाकडी पूल, काठाला दगड. बाईंनी ते चित्र माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "या बागेत कोणी राहत नाही वाटतं. एक तांब्या नाही, एक दोरी नाही." बाई हसत सुटल्या. तेव्हाच मला कळलं की या बाईंशी आपलं जमेल.

शेवटी पुढची जागा साहेबांची, मागची बाईंची असं ठरलं. वाटणीत एकच अडचण होती, मोहाचं झाड. ते बरोबर साहेबांच्या हिरवळीत येत होतं.

साहेबांनी मुकादमाला बोलावलं. नामदेव त्याचं नाव. साहेब म्हणाले, "नामदेव, हे उद्या कापून टाक. आरा आपल्या घरचाच आहे."

नामदेव हात जोडून म्हणाला, "साहेब, साग म्हना, ऐन म्हना, बिजा म्हना, उभं जंगल आडवं करून देतो. पन मोहाले आमी हात नाई लावत."

"काऊन नाही लावत?" नागपूरचे असल्यामुळे चिडले की साहेबही आमच्यासारखे बोलत.

"मोह कापनाऱ्याले इकडं कोनी पोरगी नाई देत."

"माझं लग्न झालंय नामदेव."

"तुमचं झालं, साहेब. माह्या पोराइचं व्हायचं हाय."

साहेब म्हणाले, ठीक आहे, बाहेरची माणसं आणीन. पुढच्या चैत्राच्या सुमाराला गिरणीचे मालक, शेठजी, पहिल्यांदा बंगल्यावर चहाला येणार होते. त्याआधी हिरवळ मोकळी झाली पाहिजे, एवढंच साहेबांच्या डोक्यात होतं.

मी पोळा झाल्यावर हिरवळ लावली. लोकांना वाटतं हिरवळ पेरतात. आमच्याकडे तेव्हा चोपडत असत. नदीकाठची हरळी मुळासकट उपटून आणायची, कोयत्यानं बोटभर तुकडे करायचे, शेणात आणि गाळाच्या मातीत कालवायचे, आणि अंगण सारवावं तसं जमिनीवर चोपडायचं. वरून धानाची तणस पसरायची आणि रोज पाणी शिंपायचं. मी ते सगळं हातानं सारवलं. दिवाळीला बंगल्यापुढे पोपटी रंग आला. साहेब त्यावर अनवाणी चालून आले आणि मला म्हणाले, "अनसाबाई, गालिचा आहे गालिचा."

मागच्या जपानाचं मात्र वाटोळं झालं. तळं खोदलं, चिकणमातीनं लिंपलं, गिरणीतल्या उरल्यासुरल्या फळ्यांचा पूल केला. तळं भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाची म्हैस त्यात येऊन बसली. नाकापर्यंत. बाई आधी किंचाळल्या, मग पुलावर बसून पोट धरून हसल्या. "अनसाबाई, जपानात म्हशी नसाव्यात." म्हशीला काढायला चार माणसं लागली, आणि ती रोज यायला लागली. पुढे बाईंनी तिचा नाद सोडला. पूल शेवटपर्यंत राहिला, खाली म्हैस.

माघ उलटला की मोहाची पानं गळतात. सगळं झाड उघडं होतं आणि खाली वाळलेल्या पानांचा वीतभर थर होतो. दोन दिवस मी दुसऱ्या कामाला चांद्याला गेले होते. परत आले ती सकाळी सकाळी बंगल्यावर पोचले, आणि फाटकातच थांबले. मोहाखाली माझ्या हिरवळीत मोठा काळा गोल पडला होता. अजून थोडा धूर निघत होता. गोलाच्या मधोमध, खोडाला पाठ लावून, एक म्हातारी गोंडीण तंबाखू मळत बसली होती. शेजारी खराटा.

मी ओरडले, "हे कोनं जाळलं वो?"

"म्या." ती उठलीसुद्धा नाही. "पानं होते ना खाली."

"पानाखाली हरळी होती, माय! पोळ्यापासून पानी घालून राह्यलो मी तिले!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. "मोहाखाली गवत काऊन लावलं? मंग फुलं वेचाव कसे? गवतातलं फूल दिसाले माह्ये डोये का घारीचे हायेत?"

"हे साहेबाचं अंगन हाय."

"असन. झाड माह्यं हाय. तार तुमची असन, ते घेऊन जा."

ती मंगरीबाई. नाल्यापलीकडच्या टोल्यावर तिचं घर. टोला म्हणजे दहा-बारा घरांची वस्ती. आता बाहेरच्या माणसांना हे सांगायला हवं. जंगलातल्या मोहाला सातबारा नसतो, पण प्रत्येक मोहाला एक घर असतं. अमक्या मोहाखाली अमक्या घरच्या बाया वेचणार, हे साऱ्या टोल्याला ठाऊक. दुसरं कोणी तिथलं फूल उचलत नाही. मंगरीबाई लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं तिला हे झाड दाखवलं होतं. तेव्हापासून दर फाल्गुनात ती येते, पानं झाडते, पेटवते आणि जमीन कोरी करते. मोहाचं फूल पहाटे गळतं. जमीन स्वच्छ असली तरच ते वेचता येतं. मध्येच एका वर्षी कोणीतरी तार ठोकून गेलं. त्यांनी तिला विचारलं नाही, तिनंही त्यांना विचारलं नाही. खालची तार उचलून ती आत आली.

आणि हा काही हौसेचा प्रकार नव्हता. वाळवलेला मोह म्हणजे पावसाळ्याची बेगमी. आषाढात घरातला तांदूळ संपला की मोह उकडून खायचा. त्याच झाडाच्या फळातली टोरी, म्हणजे बी, गाळून वर्षाचं तेल. झाड गेलं असतं तर तिच्या घरातल्या माणसांचा पावसाळा अर्ध्या पोटी गेला असता.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी याच मुलखातली. पण माझी हरळी जळली होती. मी साहेबांना सांगितलं, "कापा ते झाड." खोटं कशाला लिहू.

साहेबांचा तर संताप संताप झाला. त्यांनी त्याच दिवशी वैनगंगेपलीकडच्या दोन करवतवाल्यांना निरोप धाडला. सुधाबाई मात्र सपाता घालून खाली आल्या, त्या काळ्या गोलाला एक चक्कर मारली, आणि मंगरीबाईंसाठी चहा आणायला सांगितला. म्हातारीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काढा हाय का हा? कोन आजारी हाय?"

बाई हसल्या. "फुलं कधी पडणार?"

"दोन-चार दिवसात. लवकर उठसान त दिसन. तुम्ही लोकं उन्हं आल्यावर उठता."

बाईंना ते लागलं असावं. फूल पडायला लागलं त्या पहाटे त्या आमच्याही आधी झाडाखाली उभ्या होत्या. मी आले होते ते जळलेल्या कडा उकरून हरळीची मुळं जिवंत आहेत का ते बघायला. होती. हरळी सहजासहजी मरत नाही. तेवढ्यात वरून टप आवाज आला. मग टप टप. काळ्या राखेवर साईच्या रंगाची, मण्याएवढी रसाळ फुलं. झाडावर एक पान नाही आणि खाली पांढरट सडा वाढतोच आहे. सगळ्या अंगणात गोड, जड वास. मी मोह आयुष्यभर बघितलेला, पण बंगल्याच्या पायरीवरून, भोवती हिरवीगार कड आणि मध्ये काळा गोल, असा कधी बघितला नव्हता. मनात म्हटलं, म्हातारीनं बाग बिघडवली खरी, पण चांगली बिघडवली.

बाई नुसत्या बघत उभ्या होत्या. मंगरीबाई म्हणाली, "पाहून काय होते वो बाई? बस, वेच."

बाईंनी पदर खोचला आणि बसल्या. पहिल्या मूठभर फुलांचा त्यांनी लगदाच केला.

"अवो, धरून पिळू नोको! पोराचा गाल धरतं तसं धर."

"मला पोर नाही अजून, मंगरीबाई."

"होईन ना. मोह वेचला की होते."

बाई लाजून लाल. मी आणि मंगरीबाई इतक्या हसलो की आत साहेब जागे झाले.

रोज पहाटे असं सुरू झालं. बाईंची बोटं चिकट, नखांत राख, पण हात बसला. एके दिवशी त्यांनी विचारलं, "मी एवढं वेचते, यात माझं काय?" मी मनात म्हटलं, आता म्हातारी हिला वाटेला लावणार. पण मंगरीबाईनं टोपलीतून दोन ओंजळी वेगळ्या काढल्या आणि म्हणाली, "झाडाखाली बसली त वाटा तुहा. माह्या सासूनं मले असंच घेतलं. आता तू मोहाची सून."

आणि त्याच आठवड्यात करवतवाले आले.

दोघं भाऊ होते, खांद्यावर माणसाच्या उंचीची करवत. साहेब कोट घालून पायरीवर उभे. नामदेव मुकादम लांब, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. झाडाखाली मंगरीबाई, मी आणि मॅनेजरसाहेबांची बायको, तिघी उकिडव्या.

साहेब म्हणाले, "सुधा, ऊठ. माणसं आलीत."

"माझं वेचून होऊ द्या."

"किती वेळ लागेल?"

बाईंनी मंगरीबाईकडे पाहिलं. मंगरीबाईनं वर झाडाकडे पाहिलं. "आजचं ना? उन्हं तापेपर्यंत."

"आणि मग?"

"मंग उद्या सकाळी पुन्हा पडते."

"आणि संपतं कधी हे?"

"चैत सरेपर्यंत. मंग टोरी लागते."

साहेब आता माझ्याकडे वळले, जणू मी तरी शहाणपणाचं बोलेन. "आणि ही टोरी कधी संपते?"

मी म्हटलं, "पाणी येईपर्यंत चालते, साहेब."

लांबून नामदेव म्हणाला, "अन् पान्यात कोन झाड कापते, साहेब? चिखलात आरा फसते."

बाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. एवढ्यात साहेबांचं लक्ष करवतवाल्यांकडे गेलं. करवत तारेला टेकवून दोघं भाऊ कधीच गोलात बसले होते आणि मंगरीबाईच्या टोपलीत वेचत होते. धाकट्यानं एक फूल तोंडात टाकलं, तशी म्हातारीनं त्याच्या हातावर चापट मारली.

साहेबांनी कोट काढून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "बरं. शेठजी येऊन जाऊ देत. त्यांनी जर या काळ्या डागाबद्दल एक अक्षर काढलं, तर मी स्वतः करवत धरीन. पावसात, चिखलात, कुठेही." आणि ते आत गेले. ते बोलले ते करणारे होते, हे बाईंना माहीत होतं. त्या दिवशी त्या पुढे हसल्या नाहीत.

म्हणजे आता सगळं शेठजींवर आलं. मी कर्दळीला खत घातलं, मुरूम चोपला, खुर्च्यांना तेल लावलं. गोल काही मला लपवता येत नव्हता. शेठजी दुपारी चारला येणार होते. बाईंचा हिशोब असा की तोवर फुलं वेचून होतील, गोल झाडून सारवून घेऊ, वर रांगोळी काढू. रांगोळी म्हटल्यावर कोणी काही बोलत नाही.

शेठजी आले सकाळी. उन्हाच्या भीतीनं ते रात्रीच्या गाडीनं बल्लारपूरला उतरले आणि तिथून मोटारीनं थेट फाटकात. साहेबांच्या गालाला साबण, बाईंच्या कमरेला टोपली. शेठजी म्हणजे मोठं पोट, काळी टोपी, तोंडात पान. उतरले ते सरळ हिरवळीवरून चालत गोलाच्या कडेला आले आणि थांबले.

"हे काय आहे?"

साहेब साबण पुसत धावत आले होते. त्यांनी गोलाकडे पाहिलं, शेठजींकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बाई तशाच उभ्या होत्या, हातांना राख, आणि नवऱ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात झारी होती. तिच्यातून पाणी माझ्याच पायावर पडत होतं ते मला नंतर कळलं.

साहेबांनी घसा खाकरला. "ही... इथली पद्धत आहे, शेठजी. या भागात बाग अशीच करतात. बाहेरून हिरवळ, आणि झाडाखाली काळा गोल. फूल उठून दिसावं म्हणून."

मी पुष्कळ गिऱ्हाइकांच्या तोंडून पुष्कळ थापा ऐकल्या. त्या थापेइतकी चांगली एकही ऐकली नाही.

शेठजी "अस्सं" म्हणाले आणि नीट बघायला गोलात शिरले. दोन फुलं त्यांच्या टोपीवर पडली. आणि खालून मंगरीबाईचा आवाज आला, "भाऊ, पाय पाहून ठेव! फुलावर देऊन राह्यला!"

शेठजींनी एक पाय उचलला. पण तो ठेवायला कोरी जागाच नव्हती. एवढा मोठा माणूस एका पायावर, हात साहेबांच्या खांद्यावर. मंगरीबाईनं पुढे सरकून त्यांच्यासमोरची चार फुलं उचलली आणि म्हणाली, "हं. आता ठेव. अन् जोडे काढ, इथी जोडे नाई घालत."

शेठजींनी जोडे काढले. मोजे घालून सगळा गोल फिरले. मग तिथेच बैठक मागितली. वेताच्या खुर्च्या हिरवळीवर तशाच राहिल्या आणि शेठजींनी झाडाच्या मुळीवर बसून चहा घेतला. वरून कपात एक फूल पडलं, ते त्यांनी काढून टाकलं नाही. जाताना साहेबांना म्हणाले, "मॅनेजर, बाग उत्तम. हे झाड जपा." आणि मला म्हणाले, "बाई, नागपूरच्या बंगल्यावर मला असाच गोल करून द्यायचा."

मी विचारलं, "तिथं मोह आहे का?"

"मोह नाही, आंबा आहे."

"मग गोल कशाला?"

"छान दिसतो."

मालकानं बोलावलं म्हणून मी गेले. शेठाणीबाईंनी माझ्या हातात काड्यापेटी पाहिली आणि विचारलं, काय करणार? मी सांगितलं, तुमची हिरवळ जाळणार. त्यांनी मला जेवू घातलं, साडी दिली आणि परतीच्या गाडीत बसवलं. ते बरंच झालं.

पण फॅशन पसरायची ती पसरलीच. पुढची दोन-तीन वर्षं ज्या बंगल्यावर जावं तिथे, "अनसाबाई, तो मॅनेजरसाहेबांकडचा काळा गोल" अशी मागणी. कडुनिंबाखाली गोल, जांभळाखाली गोल, एका वकिलांना तर झाडाशिवाय नुसता गोल हवा होता. मी प्रत्येकाला विचारायची, वेचणार कोण? मग ते गुलाब मागत.

शेठजी गेले त्या दुपारी साहेबांनी स्वतः पक्कड घेतली आणि नाल्याच्या बाजूची तार कापली. मंगरीबाईनं उभ्यानं आत यावं एवढी वाट झाली. पावसाळ्यात जळलेल्या जागी माझी हरळी पुन्हा फुटली. गोल पावसात हिरवा, फाल्गुनात काळा, चैत्रात पांढरा. एका वर्षात तीन रंग बदलणारी बाग मी पुन्हा केली नाही. ही तरी मी कुठे केली होती? बाईंना पुढच्या साली मुलगी झाली. मंगरीबाई ते श्रेय कोणालाच घेऊ देत नसे, साहेबांनाही नाही.

काही वर्षांनी साहेबांची बदली झाली. मोटार भरून उभी होती तेव्हा मंगरीबाई त्या कापलेल्या तारेतून आली, डोक्यावर गाठोडं. वाळवलेला मोह. "सुनेचा वाटा," म्हणाली. बाईंना रडू आवरेना. म्हातारी चिडली. "रडतं काऊन? झाड थोडंच जाऊन राह्यलं?"

गेल्या फाल्गुनात नातजावयाला घेऊन मी तिथेच गेले. मला वाटलं होतं काही उरलं नसेल. आरागिरणी बंद पडून जमाना झाला. बंगल्याच्या नुसत्या भिंती आहेत. तार लोकांनी केव्हाच नेली. जपानाचा खड्डा आहे. त्यात पाणी होतं, आणि खरं सांगते, त्यात म्हैस होती. समोर मोह उभा, खाली काळा गोल, आणि एक तरुण बाई खराट्यानं कडेची राख झाडत होती.

"कोन पाह्यजे, बाई?"

"कोनी नाई. बाग पाहाले आलो."

"कोनती बाग?"

"हेच. तू झाडून राह्यली ते."

ती हसली. मी विचारलं, मंगरीबाई तुझी कोण? म्हणाली, आजेसासूची सासू. तिनं पाहिलेली नव्हती, पण झाड कोणी दाखवलं ते तिला ठाऊक होतं. मग तिनं दुसरा खराटा उचलून नातजावयाच्या हातात दिला. "भाऊ, नुसता उभा काऊन हायेस? तिकडून लाग. अन् जोडे काढ."

त्यानं फोन खिशात घातला, जोडे काढले, आणि इस्त्रीच्या पँटीत अर्धा गोल झाडला. वाईट झाडला, पण झाडला.

परत येताना त्याच्या हातांची राख स्टेअरिंगला लागत होती. चंद्रपूर जवळ आलं तेव्हा म्हणाला, "आजी, आपल्या जागेत ती कोपऱ्यातली चिंच आहे ना. ती कोणाची असेल?"

मी म्हटलं, "गाडी वळव. आत्ता जाऊन विचारू."